पंप बदलण्याआधी : सेंट्रल हीटिंगमधल्या घरघरीचा माग

यंत्रणा अगदी नेहमीची होती. गॅसवर पाणी तापवणारा बॉयलर, त्या गरम पाण्यावर खोल्या तापवणारे दोन मजल्यांवर मिळून दहा रेडिएटर, तांब्याची २२ मिमीची मुख्य लाइन, रेडिएटरकडे जाणाऱ्या १५ मिमीच्या शाखा, दाबाखाली सीलबंद पाणी, आणि बॉयलरच्या बाहेर एका कपाटात बसवलेला, हे पाणी फिरवणारा तीन वेगांचा जुना पंप. तक्रार एवढीच की हीटिंग सुरू झालं की पंप घरघरतो, आणि वरच्या मजल्यावर तो आवाज खालच्यापेक्षा जास्त येतो. अशा तक्रारीवर थेट नवा पंप आणून बसवणारे खूप आहेत. आवाज थांबतोही, पण पुढच्या थंडीपर्यंत. ज्या कारणानं जुना पंप बिघडला ते कारण पाइपांत तसंच राहिलेलं असतं आणि ते नव्या पंपाच्याही मागे लागतं.

असं का होतं ते कळायला पंपाची रचना माहीत हवी. घरगुती हीटिंगच्या पंपात मोटरचा रोटर, म्हणजे फिरणारा भाग, कोरड्यात नसतो, तो हीटिंगच्याच पाण्यात बुडालेला असतो. रोटर आणि बाहेरची वाइंडिंग यांच्यामध्ये स्टेनलेस स्टीलचा पातळ डबा असतो. शाफ्टला सील नाही, बेअरिंगला ग्रीस नाही, तेल नाही. सिरॅमिकच्या किंवा कार्बनच्या बेअरिंगला वंगण म्हणून मिळतं ते फक्त यंत्रणेतलं पाणी. पाण्यात हवा असेल तर बेअरिंग कोरडं घासतं. पाण्यात गाळ असेल तर तोच गाळ शाफ्टला पॉलिश पेपरसारखा खरवडतो. त्यामुळे पंपाचा आवाज ऐकताना लक्ष पाण्याकडे ठेवायचं, ही आमची पहिली शिस्त.

दुसरी शिस्त म्हणजे आवाज जिथे ऐकू येतो तिथेच तो निर्माण होतो असं धरून न चालणं. तांब्याच्या पाइपातून कंप सहज दूरवर जातो, आणि पाइप लाकडी तुळईला टेकला असेल तर वरची फळ्यांची जमीन तंबोऱ्याच्या भोपळ्याचं काम करते. म्हणून आधी कान लावायचा. लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक धातूवर टेकवा आणि मूठ कानाच्या पुढच्या हाडाला लावा. लाकडी काठीनंही काम होतं. विजेच्या जोडण्यांच्या डबीवर मात्र धातूचं टोक लावायचं नाही. पंपाचा मधला भाग, आतल्या बाजूचा सांधा, बाहेरचा सांधा, तिथून हातभर पुढचा पाइप, मोटर व्हॉल्व्ह, बायपास व्हॉल्व्ह, बॉयलरचं आवरण आणि सर्वात जवळचा रेडिएटर, या क्रमानं ऐकत गेलं की आवाज कुठे वाढतो आणि कुठे विरतो ते पाच मिनिटांत कळतं.

त्यानंतर बॉयलरची ज्योत बंद राहील पण पंप चालू राहील अशी स्थिती आणली, म्हणजे बॉयलरचं तापमानाचं बटण पार खाली केलं. ज्योत विझल्यावर आवाज गेला असता तर पंपाला हात लावायचं कारणच उरलं नसतं. बॉयलरच्या हीट एक्स्चेंजरवर, म्हणजे ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागावर, क्षार किंवा गाळ बसला की त्याखाली पाणी स्थानिक उकळतं, वाफेचे बुडबुडे तयार होऊन फुटतात, आणि चहाचं आधण ठेवल्यासारखा आवाज सगळ्या लाइनभर फिरतो. लोक त्यालाही पंपाचा आवाज समजतात. इथे ज्योत विझूनही घरघर तशीच होती, त्यामुळे बॉयलर यादीतून बाद झाला. उलटी चाचणी, म्हणजे बॉयलर पेटता ठेवून पंपाची वीज काढणं, कधीही करू नये. पाणी फिरायचं थांबलं की एक्स्चेंजर काही सेकंदांत अतितापतो.

मग पंपाचा वेग तीनवरून दोनवर आणि दोनवरून एकवर आणला, दर वेळी थोडं थांबून ऐकलं. ही सगळ्यात जास्त बोलणारी चाचणी, आणि तिला कसलाही खर्च नाही. तीनवर असताना वरच्या रेडिएटरांत बारीक शिट्टी होती, ती एकवर पूर्ण गेली. खळखळ कमी झाली पण उरली. खरखर मात्र वेगाबरोबर फक्त संथ झाली. म्हणजे तक्रार एक असली तरी आवाज तीन होते आणि प्रत्येकाचं मूळ वेगळं. पुढचं काम म्हणजे स्वस्तातलं कारण आधी, या क्रमानं एकेक सोडवत जाणं. एका वेळी एकच बदल करायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की आवाज कशामुळे गेला ते कळत नाही, आणि तो परत आला की शोध पुन्हा पहिल्यापासून.

खळखळ म्हणजे हवा, हे कुणीही सांगेल. हवा आत आली कशी हा खरा प्रश्न. थंड यंत्रणेत दाबाचा काटा ०.६ बारवर होता. सर्वात वरचा रेडिएटर गेजपासून साधारण ५ मीटर उंच. दहा मीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे जवळपास १ बार, म्हणजे नुसतं वरपर्यंत पाणी पोचायलाच ०.५ बार खर्च होतात आणि माथ्यावर जेमतेम ०.१ बार उरतो. पंप चालू झाल्यावर त्याच्या ओढीच्या बाजूला दाब आणखी उतरतो. एखाद्या ठिकाणी तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला की आपोआप हवा सोडणारा व्हॉल्व्ह उलटा चालून हवा आत घेतो, व्हॉल्व्हच्या ग्लँडमधूनही, म्हणजे दांड्याभोवतीच्या सीलमधूनही, हवा शिरते, आणि बाहेर पाण्याचा थेंबही दिसत नाही. हिशेब साधा आहे : उंचीचा दाब आणि वर किमान ०.३ बार. बहुतेक दुमजली घरांत थंड असताना १ ते १.५ बार ठेवतात ते याचसाठी.

याच दाबाच्या तुटवड्यातून आणखी एक आवाज निघतो, पंपात खडी फिरल्यासारखा. ओढीच्या बाजूला दाब फार पडला आणि पाणी गरम असलं की इंपेलरच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चक्राच्या, तोंडाशी वाफेचे बुडबुडे होतात आणि पुढे दाब वाढला की फुटतात. खरखर आणि हा आवाज कानाला सारखेच वाटू शकतात. ओळखायची खूण अशी : दाब वाढवल्यावर किंवा पाणी थंड झाल्यावर खडी थांबते, बेअरिंगची खरखर थांबत नाही. एक्सपान्शन टाकी, म्हणजे तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणारी टाकी, कुठे जोडली आहे हेही इथे पाहून घ्यायचं. टाकी जिथे लाइनला मिळते तिथला दाब पंप बदलू शकत नाही. म्हणून टाकी पंपाच्या ओढीच्या बाजूला असली की पंप पुढचा दाब वाढवतो, आणि ती पंपाच्या पुढे असली की तेवढाच दाब मागच्या बाजूला घटतो. इथे जोडणी बरोबर होती.

दाब १.२ बारपर्यंत भरला, पंप बंद केला, पाणी निवू दिलं आणि खालच्या मजल्यापासून वर जात रेडिएटरांतली हवा काढली. पंप चालू ठेवून हवा काढू नये. हवा एका जागी थांबत नाही, आणि दाब कमी असला तर उघडलेल्या स्क्रूमधून ती उलट आत जाऊ शकते. किल्ली पाव ते अर्धा फेरा फिरवायची, स्क्रू पूर्ण काढायचा नाही, खाली फडकं धरायचं. सगळे झाल्यावर दाब उतरलेला असतोच, तो पुन्हा भरायचा. मग पंपाची स्वतःची हवा. जुन्या पंपांच्या तोंडावर मधोमध मोठा चपटा स्क्रू असतो. पंप बंद ठेवून तो एक फेरा सैल केला, फसफस होऊन पाणी झिरपायला लागलं, तसा पुन्हा आवळला. या स्क्रूमागे शाफ्टचं टोक दिसतं. पंप अडकलेला असेल तर तिथे बारीक स्क्रू ड्रायव्हर घालून शाफ्ट हातानं फिरवता येतो, आणि तो फिरवताना जाणवणारा खडबडीतपणा बरंच सांगून जातो. नव्या पंपांना हा स्क्रू बहुतेक नसतो. ते पूर्ण वेगानं काही मिनिटं चालवले की हवा आपोआप पाण्याबरोबर पुढे जाते.

खळखळ गेली. पण इथे थांबलं असतं तर आठवड्याभरात ती परत आली असती, कारण दाब ०.६ पर्यंत का घसरला होता ते अजून कळलं नव्हतं. यंत्रणा पूर्ण गरम होऊ दिली आणि काट्यावर नजर ठेवली. १.२ वरून तो चढत चढत २.७ पर्यंत गेला. सेफ्टी व्हॉल्व्ह ३ बारला उघडतो. तब्येतीत असलेल्या टाकीत गरम झाल्यावर दाब अर्धा बार, फार तर पाऊण बार वाढायला हवा. १० अंशांचं पाणी ८० अंशांपर्यंत तापलं की जवळजवळ तीन टक्के फुगतं. यंत्रणेत १०० लिटर पाणी असेल तर तीन लिटर जादा पाण्याला जागा लागते. ती जागा टाकीच्या रबरी पडद्यापलीकडची हवा देते. ती हवा निघून गेली की फुगलेलं पाणी दाब चढवतं आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं. थंड झाल्यावर दाब कमी दिसतो, घरातलं कुणीतरी नळी उघडून ताजं पाणी भरतं, आणि हे चक्र चालू राहतं.

टाकीतली हवा मोजताना एक चूक सर्रास होते. यंत्रणेत पाण्याचा दाब असताना सायकलच्या गेजनं मोजलं की टाकीतला आकडा नेहमी पाण्याच्याच दाबाइतका दिसतो आणि टाकी ठणठणीत वाटते. आधी बॉयलर आणि पंप बंद, मग ड्रेनचा नळ उघडून काटा शून्यावर, आणि नळ उघडाच ठेवून मोजायचं. इथे ०.३ बार निघाला. व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर पाणी आलं असतं तर पडदा फाटलेला, म्हणजे टाकी बदलणं आलं. कोरडी हवाच आली, म्हणून सायकलच्या पंपानं ०.८ बारपर्यंत भरली. हा आकडा हवेतला नाही, ५ मीटर उंचीचे ०.५ आणि वरचे ०.३. हवा भरताना ड्रेनमधून आणखी पाणी निघतं, ते टाकीत साचलेलं असतं. निघायचं थांबलं की पुन्हा मोजायचं. यानंतर थंड १.२ आणि गरम १.७ असा दाब स्थिरावला.

सेफ्टी व्हॉल्व्ह पुन्हापुन्हा उघडला असेल तर त्याच्या बैठकीत कचरा अडकतो आणि तो पुढे झिरपतच राहतो. बाहेर सोडलेल्या नळीच्या तोंडाला रात्रभर टिश्यू पेपर गुंडाळून ठेवला, सकाळी ओला निघाला. असा व्हॉल्व्ह फिरवून साफ करायच्या भानगडीत पडू नये, बदलावा. सेफ्टी व्हॉल्व्ह बॉयलरच्या आवरणाच्या आत असेल तर ते काम परवानाधारक गॅस तंत्रज्ञाचं. आवरण ज्वलनकक्षाला हवाबंद करत असतं, ते आपण उघडायचं नाही. इथे तो बाहेरच्या लाइनवर होता.

शिट्टीकडे वळताना थोडं गणित उपयोगी पडतं. पाण्याचा प्रवाह लिटर प्रति सेकंद हवा असेल तर किलोवॅटमधली उष्णता भागिले ४.१९, आणि भागिले जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक. २० किलोवॅट आणि ११ अंशांचा फरक धरला तर ०.४३ लिटर प्रति सेकंद येतात. २२ मिमीच्या तांब्याच्या पाइपातून तेवढं पाणी १.३ मीटर प्रति सेकंदाच्या पुढे धावतं आणि वळणांवर, व्हॉल्व्हमध्ये आवाज करतं. फरक २० अंश ठेवला तर वेग ०.७५ मीटरवर येतो, आवाज नाही, आणि धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणाऱ्या कंडेन्सिंग बॉयलरला परतीचं पाणीही जास्त थंड मिळतं. म्हणजे पंप तीनवर ठेवून घर जास्त गरम होत नाही, फक्त जास्त बोलतं. आम्ही पाहिलेल्या बहुतेक तीन-वेगी पंपांचं बटण तीनवरच असतं. पहिल्या दिवशी बसवणाऱ्यानं हवा काढायला तिथे ठेवलेलं आणि नंतर कुणी हलवलेलं नसतं.

वेग एकवर सर्वात लांबचा रेडिएटर कोमट राहत होता, म्हणून दोन पक्का केला. दोनवर, रात्री खोल्या गरम होऊन थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह बंद व्हायला लागले की शिट्टी पुन्हा येत होती. स्थिर वेगाच्या पंपाला समोरचे दरवाजे बंद झाल्याचं कळत नाही, उरलेल्या एकदोन व्हॉल्व्हच्या फटीतून तो सगळा जोर लावतो. अशा वेळी आपोआप उघडून जादा पाणी रेडिएटरांना वगळून थेट परत पाठवणारा बायपास व्हॉल्व्ह कामाला येतो. तो पूर्ण घट्ट, म्हणजे मापपट्टीवर सर्वात वरच्या आकड्याला होता, त्यामुळे कधी उघडतच नव्हता. एक सोडून सगळे रेडिएटर बंद केले आणि बायपासचा आकडा शिट्टी थांबेपर्यंत हळूहळू खाली आणला. मग सगळे रेडिएटर उघडून बायपासच्या पाइपाला हात लावला, तो थंड हवा. सगळं उघडं असतानाही तो गरम होत असेल तर आकडा फार खाली गेला आहे : गरम पाणी रेडिएटरकडे न जाता थेट परतत आहे, आणि परतीचं पाणी ५५ अंशांच्या वर गेलं की कंडेन्सिंग बॉयलरचा फायदा संपतो.

एका रेडिएटरवर ठकठक होती, पंपाशी तिचा संबंध नाही. जुन्या पद्धतीच्या थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हमधून पाणी उलट दिशेनं आलं की बंद होताहोता चकती आपटायला लागते. व्हॉल्व्हवरचा बाण पाहायचा, उलटा असेल तर दोन्ही दिशांना चालणारा व्हॉल्व्ह बसवायचा. पाइप तापताना होणारी टकटकही वेगळी : १० मीटर तांब्याचा पाइप ५० अंशांनी तापला की साडेआठ मिमी लांबतो आणि क्लिपमध्ये किंवा तुळईच्या खाचेत अडकत अडकत सरकतो. प्लॅस्टिकचा पाइप याच्या कितीतरी पट सरकतो. तिथे खाच रुंद करणं आणि नमदा घालणं एवढंच औषध.

आधीच्या तीन आवाजांखेरीज वरच्या मजल्यावर मोटरची भणभण राहिली. ५० हर्ट्झच्या विजेवर अशा मोटरचा गुणगुणाट १०० हर्ट्झचा असतो, ६० वर १२०. तो निरोगी पंपातही असतो, फक्त पाइपानं तो घराला द्यायला नको. पंपापासून हातभर अंतरावर पाइप घट्ट पकडून पाहिला, वरचा आवाज दबला. तिथे पाइप भिंतीतल्या भोकाच्या कडेला टेकत होता. भोक मोठं करून भोवती रबरी नळीचा तुकडा घातला, पंपाच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या क्लिपा काढून रबर लावलेल्या बसवल्या. पंपाला स्वतःला भिंतीशी जखडायचं नाही. एवढ्यानं वरच्या मजल्यावरची तक्रार जवळपास मिटली.

खालच्या कपाटात खरखर होतीच. काटकोनात वळलेल्या पाइपानंतर लगेच पंप आहे का, पंपावरचा बाण प्रवाहाच्या दिशेनं आहे का, शाफ्ट आडवा आहे का, हे पाहिलं. शाफ्ट आडवाच हवा. उभा राहिला की वजन एका बेअरिंगवर येतं आणि हवा वरच्या बेअरिंगपाशी साचते. यातलं काही चुकलेलं नव्हतं. मग एका रेडिएटरमधून काचेच्या भांड्यात पाणी घेतलं. काळं निघालं. थोडा वेळ ठेवल्यावर तळाशी बारीक काळी पूड बसली आणि भांड्याला बाहेरून लोहचुंबक लावल्यावर ती काचेवर चढली. हा मॅग्नेटाइट, रेडिएटरच्या आतल्या पोलादाचा गंज. तांबूस पाणी असेल तर ऑक्सिजन अजून जोरात आत येतो आहे असं समजायचं, काळं असेल तर कमी ऑक्सिजनमध्ये गंजणं चालू आहे. या गंजण्यातून हायड्रोजनही सुटतो. रेडिएटर वरच्या बाजूला वारंवार थंड पडतो, हवा काढली तरी पुन्हा साचते, तेव्हा ती हवा नसून हा वायू असू शकतो. हवा काढताना जवळ ज्योत किंवा काडी नको, ती याचसाठी.

इथे साखळी पूर्ण जुळली. टाकीतली हवा गेली, सेफ्टी व्हॉल्व्ह गळायला लागला, ताजं पाणी पुन्हापुन्हा भरलं गेलं, प्रत्येक वेळी त्यातून नवा ऑक्सिजन आला, पोलाद गंजलं, आणि तो गंज पंपाच्या बेअरिंगमध्ये जाऊन बसला. पंप हा शेवटचा दुवा होता.

पंप उघडण्याआधी वीज फ्यूजपाशी तोडली, फ्यूज काढून खिशात ठेवला आणि पंपाच्या डबीत टेस्टर लावून खात्री केली. बॉयलर बंद झाल्यावरही काही मिनिटं पंप फिरवणारी जोडणी अनेक ठिकाणी असते, म्हणजे थर्मोस्टॅट बंद केला तरी पंपाच्या तारेत वीज येऊ शकते. पाणी निवू दिलं, पंपाच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केले. जुने व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतीलच असं नाही, म्हणून खाली बादली ठेवून एक सांधा जरासा सैल करायचा आणि धार थांबते का बघायचं. थांबत नसेल तर सांधा पुन्हा आवळून यंत्रणा रिकामी करायची. इथे थांबली. मोटरचे चार बोल्ट ॲलन कीनं तिरक्या जोडीनं सैल केले आणि मोटर बाहेर ओढली.

रोटरवर काळ्या मलमासारखा थर होता. तो पुसल्यावर शाफ्टवर नखाला जाणवतील अशा रेघा दिसल्या, आणि इंपेलर बोटांनी डावी-उजवीकडे हलत होता. थर नुसता असता तर धुऊन पंप वाचला असता. रेघा पडल्यावर वाचत नाही. पॉलिश पेपर मारून पाहणारे असतात, त्यानं फट आणखी वाढते. पंप बदलायचा ठरला, पण लगेच नाही. मोटर पुन्हा बसवली, बोल्ट आवळले, व्हॉल्व्ह उघडले. कारण सफाईच्या रसायनाबरोबर सगळ्या रेडिएटरांतला गाळ सुटून फिरणार आणि तो नव्या पंपातून नेण्यात काही शहाणपण नाही. जुन्याची तेवढी शेवटची सेवा घ्यायची.

बॉयलरच्या परतीच्या पाइपावर, बॉयलरच्या अगदी अलीकडे, चुंबकाचा फिल्टर बसवला. सफाईचं रसायन बाटलीवरच्या प्रमाणात घातलं. प्रमाण यंत्रणेच्या लिटरवर असतं, अंदाजानं कमी घालू नये. बाटलीवर लिहिलेला काळ पंप तीनवर, सगळे व्हॉल्व्ह उघडे. मधूनमधून फिल्टर उघडून चुंबकावरचा थर पुसायचा. मग एकेक रेडिएटर उघडा ठेवून बाकीचे बंद, म्हणजे सगळा प्रवाह त्या एकातून जातो. रबरी हातोडीनं खालच्या पट्टीवर हलके ठोके दिले की तळाला चिकटलेला गाळ सुटतो. तळाचा मधला भाग थंड आणि वरचा गरम, अशा रेडिएटरांवर जास्त वेळ द्यावा लागला. शेवटी ड्रेन उघडून निघणारं पाणी नळाच्या पाण्यासारखं दिसेपर्यंत धुतलं. हे काम कंटाळवाणं आहे आणि घाई इथेच होते. रसायन थोडंही मागे राहिलं तर पुढे घालायच्या गंजरोधकाचं काम बिघडवतं.

नवा पंप घेताना दोन मापं पाहायची : दोन सांध्यांच्या तोंडांतलं अंतर, जे बहुधा १३० किंवा १८० मिमी असतं, आणि सांध्याच्या आट्यांचं माप. जुना पंप ६ मीटर उंचीच्या दाबाचा म्हणून नवाही तेवढाच हवा असं नाही, बऱ्याच घरांना त्याच्या निम्म्यातही भागतं. इलेक्ट्रॉनिक पंप स्वतःचा दाब कमी-जास्त करत असल्यानं ही चिंता उरत नाही. युरोपीय संघात काही अपवाद सोडले तर १ ऑगस्ट २०१५ पासून ०.२३ पेक्षा जास्त ऊर्जा निर्देशांकाचे (आकडा जितका मोठा तितकी वीज जास्त) पंप बाजारात आणायला मनाई आहे, त्यामुळे जुन्या तीन-वेगी पंपाला अगदी तसाच जोडीदार आता सहसा मिळत नाही. नव्याच्या रोटरमध्ये कायमचं चुंबक असतं, म्हणजे मॅग्नेटाइट तो स्वतःकडे ओढतो. घाणेरड्या पाण्यात हा पंप जुन्यापेक्षा लवकर मरतो. सफाईवर इतका वेळ घालवला तो यासाठीही.

बसवताना जुने वॉशर फेकायचे, सांध्याची तोंडं पुसून गुळगुळीत करायची, नवे सपाट वॉशर घालायचे. पाणी वॉशर अडवतो, आटे नाही, त्यामुळे आट्यांवर टेप गुंडाळून काही साधत नाही. बाण प्रवाहाच्या दिशेनं, शाफ्ट आडवा, आणि विजेची डबी मोटरच्या खाली येता कामा नये, नाहीतर गळालेलं पाणी सरळ तिच्यात जातं. डबी नको त्या बाजूला आली तर पाणी भरण्याआधी चार बोल्ट काढून मोटर फिरवून घ्यावी. सांधे हातानं बसवून मग दोन पान्यांनी, एकानं धरून दुसऱ्यानं पाव ते अर्धा फेरा. फेज, न्यूट्रल, अर्थिंग जागच्या जागी, आणि डबीत शिरण्याआधी तारेला खाली झोल द्यायचा. जिथे कायद्यानं हे काम इलेक्ट्रिशियनचंच आहे तिथे त्यालाच बोलवावं.

पाणी १.२ बारपर्यंत सावकाश भरलं, गंजरोधक घातलं, हवा काढली, आणि त्यानंतरच पंपाला वीज दिली. कोरडा पंप क्षणभरही फिरवायचा नाही, नवं बेअरिंग तेवढ्यातच खराब होऊ शकतं. सुरुवातीला पूर्ण वेगावर दहा मिनिटं, आतली हवा निघेपर्यंत. मग रेडिएटरांच्या घराला शोभेल असा पर्याय निवडला : व्हॉल्व्ह बंद होत जातील तसा दाबही कमी करणारा, सर्वात खालच्या पातळीवर. जमिनीखालच्या हीटिंगला एकसारखा दाब ठेवणारा पर्याय बरा. लांबचा रेडिएटर खालच्या पातळीवर तापेना, पण पंप वाढवण्याआधी जवळच्या रेडिएटरांचे लॉकशील्ड व्हॉल्व्ह, म्हणजे त्यांतून किती पाणी जायचं ते एकदाच ठरवून ठेवायचे व्हॉल्व्ह, थोडे आवळले, आणि तो तापला. रात्री व्हॉल्व्ह बंद होत असताना शिट्टी आली नाही. कपाटात कान लावला तर हलकी गुणगुण, दार लावल्यावर तीही नाही.

नव्या पाण्यातली विरघळलेली हवा तापल्यावर सुटते, त्यामुळे पहिले काही दिवस वरच्या एखाददुसऱ्या रेडिएटरची हवा पुन्हा काढावी लागते. तो बिघाड नव्हे. चुंबकाचा फिल्टर पहिल्यांदा महिन्याभरात उघडायचा, तेव्हा थर जाड निघतो. नंतर वर्षातून एकदा पुरतं, आणि त्याच वेळी टाकीतली हवाही मोजून घ्यायची. एरवी महिन्यातून एकदा, यंत्रणा पूर्ण थंड असताना, गेजचा आकडा पाहून ठेवायचा. तो खाली आलेला दिसला तर पाणी भरण्याआधी सेफ्टी व्हॉल्व्हच्या नळीला टिश्यू पेपर गुंडाळायचा.